नांदेडचं विमान टिकत का नाही? विमानतळाचा इतिहास आणि तिथलं रोजचं काम

आसनाकाठ

मंडळी, "नांदेडला विमान चालतच नाही, आपल्याकडं जातंय कोण विमानानं" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता त्यावर सविस्तर लिहावंसं वाटलं. मराठवाड्याबाहेरच्या एका लहान विमानतळावर मी काही वर्षं जमिनीवरच्या कामात होतो. तिथं जे पाहिलं त्यावरून सांगतो, लहान गावातली विमानसेवा प्रवाशांअभावी बंद पडण्याआधी बरेचदा दुसऱ्याच कारणांनी मोडते. धावपट्टी बांधायला एकदाच पैसा लागतो. ती रोज उघडी ठेवायला माणसं, गाड्या, परवाने आणि शिस्त लागते, आणि त्याची बातमी कुठंच छापून येत नाही.

आधी थोडा इतिहास. नांदेडची धावपट्टी जुनी आहे, सार्वजनिक बांधकाम खात्यानं 1958 मध्ये केलेली. कितीतरी वर्षं ती मंत्री, अधिकारी आणि अडीनडीच्या विमानांपुरतीच होती. दिवस पालटले ते 2008 मध्ये. गुरू गोविंदसिंगजींनी 1708 मध्ये नांदेडलाच गुरू ग्रंथसाहिबांना गुरुगादी दिली, त्याला तीनशे वर्षं होत होती. त्या सोहळ्यासाठी शहरात रस्ते, पूल, घाट झाले आणि विमानतळाचंही रूप बदललं. धावपट्टी 2,300 मीटर झाली, नवी टर्मिनल इमारत उभी राहिली, विमानतळाला गुरूंचं नाव मिळालं. किंगफिशरची मुंबईची विमानं आली. 2009 मध्ये एमआयडीसीनं नांदेड, लातूर, बारामती, यवतमाळ आणि उस्मानाबाद हे पाच विमानतळ रिलायन्सच्या कंपनीला दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यानं दिले. 2012 मध्ये किंगफिशर कंपनीच बंद पडली. त्यात नांदेडच्या प्रवाशांचा काय दोष?

पुढचा टप्पा उडान योजनेचा, म्हणजे लहान शहरांना स्वस्त तिकिटात विमानानं जोडायच्या केंद्राच्या योजनेचा. 27 एप्रिल 2017 ला पंतप्रधानांनी सिमल्याहून या योजनेच्या पहिल्या विमानांना झेंडा दाखवला. सिमला-दिल्ली तिथून प्रत्यक्ष, आणि कडप्पा-हैदराबाद व नांदेड-हैदराबाद दूरदृश्य प्रणालीवरून. म्हणजे सगळ्या देशातल्या पहिल्या तीन मार्गांत आपलं नांदेड होतं, हे आपल्याकडच्या पुष्कळांना ठाऊकच नाही. ट्रूजेट कंपनीची एटीआर, म्हणजे पंख्यांची लहान विमानं होती ती. मग मुंबई जोडली गेली, आणि 2017 च्या डिसेंबरात एअर इंडियाचं अमृतसर. 2022 मध्ये ट्रूजेट थांबलं. मध्ये मोठा खंड पडला आणि 2024 च्या मार्चअखेर स्टार एअरनं बंगळूर, दिल्लीजवळचं हिंडन आणि जालंधरजवळचं आदमपूर जोडलं.

आता आतल्या कामाकडं येतो, कारण खरं सांगायचं ते तिथंच आहे.

पहिलं विमान यायच्या आधी, उजाडता उजाडता, एक जीप धावपट्टीच्या या टोकाहून त्या टोकाला सावकाश जाते. दोघं जण दोन्ही बाजूंनी मान बाहेर काढून डांबर बघत असतात. एखादा सुटलेला बोल्ट, खडीचा दाणा, टायरचा तुकडा, काहीही. इंजिनात एक खडा गेला तरी पात्यांचं नुकसान होतं. रात्री पाऊस झालेला असला की काळ्या मातीतली गांडुळं वर येऊन डांबरावर पसरतात, आणि त्यांच्या मागं बगळे नि टिटव्या. टिटवी कडेच्या गवतातच अंडी घालते, हुसकावली तरी चार पावलं उडून परत तिथंच बसते. म्हणून गवताची उंचीसुद्धा ठरवून राखावी लागते. फार वाढलं तर उंदीर, उंदरांमागं घारी. अगदी मुळापासून छाटलं तर किडे उघडे पडतात आणि पाखरं आणखी येतात. कुंपणाखालची माती पावसानं वाहून गेली की तिथून कुत्री शिरतात. हे सगळं बघून, लिहून, टॉवरला (हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाला) कळवून झालं की मगच धावपट्टी वापरायला मोकळी.

आपल्या काळ्या मातीचं दुखणं वेगळंच. उन्हाळ्यात ती भेगाळते, पावसात फुगते. कोरडवाहू शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, ती सगळ्यांनी पाहिलेली गोष्ट. धावपट्टीखालचा भराव आणि पाण्याचा निचरा नीट नसला तर तेच डांबराच्या कडांना होतं. कडा बसतात, पृष्ठभाग उंचसखल होतो, पाणी साचतं. ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास वेगानं टेकणाऱ्या चाकाला तो उंचसखलपणा परवडत नाही. रस्त्यावरचा खड्डा चुकवता येतो, धावपट्टीवरचा येत नाही. मराठवाड्यातल्या धावपट्ट्यांचा देखभालीचा खर्च ठरवताना ही माती हिशेबात धरलीच पाहिजे.

इथं कुणी विमानतळावर काम केलेलं असेल, किंवा नेहमी ये-जा करणारं असेल, तर जरूर लिहा.

देगलूर_नाका

दादा, लई चांगलं लिहिलंत. आमच्याकडं विमान म्हणजे हैदराबादच आठवतं. आमच्या भागातले लोक दवाखान्यासाठी पहिल्यापासून हैदराबादलाच जायलेत. माझ्या वडिलांचं हृदयाचं ऑपरेशन तिथंच झालं. तपासणीला परत न्यायचं तर गाडीत पाच-सहा तास बसणं त्यांना झेपत नव्हतं, म्हणून विमानाचं तिकीट काढलं. तेव्हा एका विमान कंपनीनं आदल्या रात्री मेसेज टाकला, "तांत्रिक कारणानं उड्डाण रद्द". पैसे परत मिळाले, पण डॉक्टरची तारीख गेली ना! रातोरात जीप केली आणि निघालो. त्यानंतर घरात कुणी विमानाचं नाव काढलं की आई म्हणायची, "नको बाबा, त्याचा भरवसा नाही." तुम्ही म्हणता ते अगदी पटलं. लोक जात नाहीत असं नाही, लोकांचा भरवसा उडालाय.

आसनाकाठ

देगलूर_नाका, तुमच्या आईंचं वाक्य विमान कंपन्यांच्या कार्यालयात लावून ठेवावं असं आहे. मोठ्या शहरात एक उड्डाण रद्द झालं तर दोन तासांत दुसरं असतं. इथं दिवसाला एकच, किंवा आठवड्याला दोन-तीन. ते चुकलं की प्रवासी थेट रेल्वेकडं वळतो आणि परत फिरकत नाही. रद्द होण्याचं मूळ कारण पुष्कळदा नांदेडमध्ये नसतंच. लहान कंपनीकडं मोजकीच विमानं, एकच विमान दिवसभर चार-पाच गावं करतं. सकाळी कुठंतरी एक चाक बदलावं लागलं की संध्याकाळपर्यंत पुढची सगळी गावं लांबतात. त्यात आपल्या विमानतळाची कामाची वेळ संपली तर टॉवर आणि अग्निशमनची माणसं निघून जातात, मग विमान उतरूच शकत नाही. दोन तासांचा उशीर असा बघता बघता 'रद्द' होऊन बसतो.

सचखंड_गल्ली

सत श्री अकाल. आमचं घर पिढ्यानपिढ्या नांदेडचं, घरात पंजाबी आणि बाहेर मराठी. एक बाजू माझ्याकडून. सचखंड एक्स्प्रेसनं अमृतसरहून नांदेडला यायला दीड दिवसाच्या आसपास जातो. वाटेत स्टेशनांवर सेवादार लंगर घेऊन उभे असतात, त्या गाडीतला प्रवास ज्यांनी केलाय त्यांना त्यातलं प्रेम माहीत आहे, ते कधी बंद होऊ नये. पण पंचाहत्तरीची माणसं, गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली, त्यांची एकच इच्छा असते की डोळे मिटायच्या आधी हुजूर साहिबचं दर्शन व्हावं. सरळ रेषेत अमृतसर इथून चौदाशे किलोमीटरच्या आसपास. विमान होतं तेव्हा अशी कितीतरी माणसं आली. व्हीलचेअरवरून उतरून, कपाळ जमिनीला टेकवून मगच पुढं जाणारी माणसं मी स्वतः पाहिली आहेत. दसरा, दिवाळी, होला मोहल्ला या दिवसांत तर जागा मिळत नाही. हल्लाबोलची मिरवणूक पाहायला परदेशातूनही लोक येतात.

शिखांच्या पाच तख्तांपैकी, म्हणजे सर्वोच्च धर्मपीठांपैकी, एक तख्त ज्या गावात आहे त्या गावाला पंजाबशी जोडणारं विमान अखंड चालू असलं पाहिजे. यात्रेकरूला नफ्यातोट्याच्या तक्त्यात बसवू नका, एवढंच म्हणणं आहे.

लातूरची_लेक

तुमच्याकडं निदान विमान येतं तरी! आमच्या लातूरची गोष्ट ऐका. चिंचोलीराववाडीजवळचा विमानतळ 1991 चा, तोही बांधकाम खात्यानं बांधून एमआयडीसीकडं दिलेला. 2008 मध्ये किंगफिशर आलं तेव्हा आम्ही मैत्रिणी कॉलेज बुडवून बघायला गेलो होतो. ते गेलं ते गेलंच. आता विमानतळ आहे, फलक आहे, फाटक आहे, आणि प्रवासी विमान नाही. शिकवण्यांसाठी अख्ख्या महाराष्ट्रातून मुलं लातूरला येतात, रेल्वे डब्यांचा कारखाना झाला, तरी मुंबईला जायचं तर रात्रीची गाडी नाहीतर ट्रॅव्हल्स. नांदेड आणि लातूर दोघांनाही स्वतंत्र विमान परवडणार नाही असं म्हणतात. मग एकाच फेरीत दोन्ही गावं करता येणार नाहीत का? आसनाकाठ काका, तुमचं मत सांगा.

आसनाकाठ

ताई, जोडफेरी करता येते, पण ती महाग पडते. मिनिटामागं सगळ्यात जास्त इंधन विमान चढताना जळतं. लातूर-नांदेड हे अंतर इतकं कमी की विमान नीट वर जाईपर्यंत उतरायची तयारी. शिवाय प्रत्येक उतरण्यासाठी दोन्हीकडं टॉवर, अग्निशमन, पोलीस, तपासणी यंत्रं असं सगळं उभं लागतं. लातूरला खरा पर्याय मला वेगळा वाटतो. नऊ ते एकोणीस आसनांची लहान विमानं थेट पुण्या-मुंबईला. उडान योजनेत त्यांचीही सोय आहे. त्यांना अग्निशमनही कमी लागतं.

अग्निशमनाचा विषय निघालाच आहे तर तो नीट मांडतो, कारण लहान विमानतळाचं गणित बरंचसं त्यावर फिरतं. विमानाच्या लांबी-रुंदीवरून अग्निशमनाची श्रेणी ठरते, आणि ही जगभर एकच पद्धत आहे. एटीआर-72 सत्तावीस मीटर लांब, म्हणून पाचवी श्रेणी. स्टार एअरचं एम्ब्रेअर-175 साडेएकतीस मीटरच्या वर, आसनं 76, पण श्रेणी सहावी. गंमत म्हणजे 180 आसनांचं एअरबस-320 सुद्धा सहाव्याच श्रेणीत येतं. पाचव्या श्रेणीला आग विझवायच्या नेहमीच्या फेसासाठी 5,400 लिटर पाणी आणि एक गाडी पुरते, सहाव्या श्रेणीला 7,900 लिटर आणि दोन गाड्या. दोन गाड्या म्हणजे चालक दुप्पट, फेस मारणारी माणसं दुप्पट, आणि एक गाडी दुरुस्तीला गेली की त्या विमानासाठी विमानतळाची श्रेणी खाली आली! संकटाची घंटा वाजल्यापासून तीन मिनिटांत धावपट्टीच्या कुठल्याही टोकाला पोचून फेसाचा मारा सुरू झाला पाहिजे, आणि त्याचा सराव घड्याळ लावून होतो. उन्हाळ्यात तो जाड पोशाख घालून सराव करणारी पोरं मी जवळून पाहिली आहेत. मराठवाड्याच्या मे महिन्यात तो पोशाख अंगावर चढवणं हीच एक परीक्षा.

चिकलठाणा_पाटी

जमिनीवरची शिस्त म्हणजे काय, हे आमच्या संभाजीनगरला फार मोठी किंमत देऊन कळलं. तरुण वाचकांना कदाचित माहीत नसेल म्हणून लिहितो.

26 एप्रिल 1993. तेव्हा शहर औरंगाबाद होतं. इंडियन एअरलाइन्सचं 491 क्रमांकाचं बोइंग-737 दिल्लीहून निघून जयपूर, उदयपूर करत चिकलठाण्याला आलं आणि दुपारी मुंबईला निघालं. विमानात 118 माणसं. चिकलठाण्याच्या धावपट्टीच्या टोकापलीकडून बीडचा रस्ता जायचा. विमान जमीन सोडून जेमतेम वर आलेलं, आणि त्याच वेळी रस्त्यावरून दाबलेल्या कापसाच्या गाठींनी भरलेला ट्रक चाललेला. विमानाचं डावं चाक आणि इंजिनाचा खालचा भाग ट्रकला धडकला. त्यानंतर ते विजेच्या उच्चदाबाच्या तारांत गेलं आणि काही किलोमीटरवर शेतात कोसळलं. 55 माणसं गेली, 63 वाचली.

चौकशीत दोन कारणं निघाली. वैमानिकांनी नाक उचलायला उशीर केला आणि उड्डाणाचं तंत्र चुकलं, हे एक. आणि उड्डाणाच्या वेळी त्या रस्त्यावरची वाहतूक रोखायला हवी होती, ती विमानतळ प्राधिकरणानं रोखली नाही, हे दुसरं. एक फाटक, एक माणूस, एक लाल झेंडा. त्यावर किती जीव अवलंबून होते बघा. आमच्या गल्लीतले एक काका तेव्हा मदतीला धावत गेले होते, ते आजही कापसाचा ट्रक दिसला की गप्प होतात.

म्हणून आसनाकाठ यांचं जीप, गवत आणि कुंपणाचं वर्णन मला फार महत्त्वाचं वाटतं. मराठवाड्यात विमानतळाची मागणी करणाऱ्या प्रत्येक निवेदनात देखभालीची मागणीही त्याच अक्षरांत लिहा.

किनवटचा_माणूस

सगळ्यांचं वाचलं. माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नका. वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेमार्ग 284 किलोमीटरचा, मंजूर झाला 2008-09 च्या सुमारास. अजून पूर्ण नाही. आमच्या किनवट-माहूर भागातून जिल्ह्याच्या गावाला यायलाच अर्धा दिवस जातो. सरकारचा पैसा आधी रेल्वेला, रस्त्याला लागावा. विमानात बसणाऱ्याच्या तिकिटाला आमच्या करातून मदत कशासाठी?

आसनाकाठ

किनवटचे भाऊ, राग कसला, प्रश्न रास्त आहे. रेल्वेमार्ग व्हायलाच पाहिजे आणि त्यासाठी बोंब मारायला मी तुमच्यासोबत आहे. मदतीचं कसं चालतं तेवढं सांगतो.

उडानमध्ये साधारण तासाभराच्या प्रवासाला सुरुवातीला 2,500 रुपयांची मर्यादा होती, तीही विमानातल्या ठरावीक जागांनाच. बाकी जागा बाजारभावानं. त्या ठरावीक जागांवर कंपनीला जी तूट येते ती तीन वर्षं भरून दिली जाते. त्यातला 20 टक्के वाटा राज्याचा, उरलेला केंद्राच्या निधीतून, आणि तो निधी मोठ्या शहरांमधल्या नेहमीच्या उड्डाणांवर आकारलेल्या रकमेतून जमतो. म्हणजे दिल्ली-मुंबई करणारा प्रवासी नांदेडच्या प्रवाशाला थोडा हात देतो. राज्यानं आपल्या बाजूनं इंधनावरचा कर 1 टक्क्यावर आणायचा, पोलीस आणि अग्निशमन पुरवायचं.

माझी तक्रार त्या तीन वर्षांबद्दल आहे. नांदेड-हैदराबाद सुरू झालं एप्रिल 2017 ला, म्हणजे मदतीची मुदत एप्रिल 2020 ला संपणार. आणि 25 मार्च 2020 पासून कोविडमुळं देशातली सगळी प्रवासी उड्डाणं दोन महिने बंद. पाठबळ संपायला आणि प्रवासी आटायला एकच गाठ पडली. तशात लहान कंपनी कशी तगणार? बाजार बसायला पाच-सात वर्षं लागतात. लोकांना सवय लागते, व्यापारी आपली कामं विमानाच्या वेळेवर लावतात, डॉक्टर दौरे ठरवतात, तेव्हा कुठं विमान स्वतःच्या पायावर उभं राहतं.

दुसरी अडचण मुंबईची. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरात. सकाळ-संध्याकाळच्या वेळा मोठ्या कंपन्यांनी धरलेल्या. सत्तर आसनांच्या विमानाला मिळते ती भर दुपारची किंवा आडवेळेची जागा. नांदेडच्या माणसाला सकाळी जाऊन मंत्रालयातलं किंवा कोर्टातलं काम उरकून रात्री परत यायचं असतं. दुपारी एकला मुंबईत उतरून त्याचा काय उपयोग? 25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईचा विमानतळ चालू झालाय. मराठवाड्याच्या लोकप्रतिनिधींनी तिथं सकाळची एक आणि रात्रीची एक वेळ पक्की मागून घ्यावी. नव्या घरात जागा सुरुवातीलाच मिळते.

देगलूर_नाका

सकाळी जाऊन रात्री परत! असं झालं तर आमच्याकडचे निम्मे वकील आणि व्यापारी रोज दिसतील विमानात.

परभणी_जंक्शन

एक शंका. मे महिन्यात दुपारी विमानात बसलो तेव्हा बॅगा मागाहून येतील असं सांगितलं, विमानात जागा रिकामी दिसत होती तरी. हे काय असतं?

आसनाकाठ

ऊन. हवा तापली की विरळ होते. पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाची ताकदही घटते. नांदेड समुद्रसपाटीपासून साडेतीनशे मीटरच्या वर आहे, त्याचीही थोडी भर. 43 अंशांत तेवढ्याच धावपट्टीवरून सुरक्षित उडायचं तर वजन कमी करावं लागतं, म्हणून जागा रिकाम्या ठेवतात किंवा बॅगा मागं राहतात. 2,300 मीटर एटीआरला भरपूर, जेटला मात्र तळपत्या दुपारी हिशेब करावा लागतो. उन्हाळ्यात पहाटेचं उड्डाण सगळ्यात चांगलं. आणि उलट थंडीत पहाटे गोदावरीकाठी धुकं, तेव्हा थोडं उशिराचं बरं. वेळापत्रक करणाऱ्याला इथलं हवामान माहीत असावं लागतं ते यासाठी.

विमान कुठल्या बाजूनं उतरेल तेही वाऱ्यावर. आपल्या धावपट्टीचे आकडे 10 आणि 28, म्हणजे होकायंत्रावरचे साधारण 100 आणि 280 अंश. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, म्हणून विमान पूर्वेकडून येऊन पश्चिमेकडं तोंड करून उतरतं. चैतन्यनगरकडच्या गच्चीवरून बघणाऱ्यांनी हे टिपलं असेल.

गोदाकाठची_पोर

मी नांदेडची, बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला, भौतिकशास्त्र आणि गणित आहे. हा धागा वाचून पहिल्यांदा वाटलं की आपल्यालाही तिथं काम करता येईल. काका, टॉवरमध्ये बसायला काय लागतं? बाबा म्हणतात ते आपल्यासारख्यांचं काम नाही.

आसनाकाठ

बाळा, अगदी आपल्यासारख्यांचंच काम आहे ते. भारतीय विमानतळ प्राधिकरण हवाई वाहतूक नियंत्रणासाठी कनिष्ठ अधिकाऱ्यांची भरती काढतं. भौतिकशास्त्र आणि गणितासह बीएस्सी किंवा अभियांत्रिकीची पदवी चालते, वयाची अट साधारण 27 पर्यंत, राखीव गटांना सवलत. संगणकावर लेखी परीक्षा, नंतर आवाजाची चाचणी आणि वैद्यकीय तपासणी. इंग्रजी अस्खलित नसलं तरी चालेल, पण स्पष्ट आणि न गोंधळता बोलता यायला हवं. आतापासून रोज अर्धा तास मोठ्यानं वाच. पदार्थविज्ञानाची बारावीची पुस्तकं परत काढ. जाहिरात प्राधिकरणाच्या अधिकृत संकेतस्थळावरच बघ, पैसे घेऊन नोकरी लावून देतो म्हणणाऱ्या कुणाच्याही नादी लागू नको.

बाबांना हा धागा वाचायला दे. त्यांचे काही प्रश्न असतील तर त्यांनी इथंच विचारावेत, मी उत्तर देईन.

गोदाकाठची_पोर

दिला काका. ते विचारतायत, मुलींना रात्रपाळी असते का, आणि पहिली नेमणूक कुठं मिळते?

आसनाकाठ

मोठ्या विमानतळांवर चोवीस तास काम, तिथं मुलींनाही रात्रपाळी असते, आणि पुष्कळ मुली ती करतात. आधी प्रशिक्षण, मग देशात कुठंही नेमणूक, त्यामुळं पहिली काही वर्षं घरापासून लांब राहायची तयारी हवी. बदलीसाठी नंतर अर्ज करता येतो. बाबांना सांगा, माझ्यासोबत काम केलेल्या मुलींपैकी दोघी मराठवाड्याच्याच होत्या, एक हिंगोलीकडची. त्यांच्या घरच्यांनी सुरुवातीला हेच विचारलं होतं.